परिपंथी : वाटेवरचा आणि मनातला

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील ३४ व्या श्लोकात भगवंतांनी राग आणि द्वेष यांना ‘परिपंथी’ म्हटले आहे. (राग म्हणजे येथे क्रोध नव्हे, आसक्ती होय.) भाषांतरांत या शब्दाला बहुधा ‘शत्रू’ हा प्रतिशब्द योजतात. अमरकोशातही तो शत्रुवाचक शब्दांतच आढळतो. तेव्हा हे भाषांतर अशुद्ध म्हणता येत नाही. परंतु त्यात शब्दाच्या पोटातली वाट हरवते.

पंथ म्हणजे मार्ग. त्यात जो आडवा उभा राहतो तो परिपंथी. पाणिनीने (५.२.८९) हा शब्द वैदिक भाषेतला म्हणून सांगितला आहे, आणि वेदात त्याचा अर्थ सरळ वाटमारा असाच आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ऋषी पूषन् देवाला विनवितो, की या लुटारूला रस्त्यावरून दूर हाकलून दे. दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात नवदंपतीला वाटमारे न गाठोत अशी प्रार्थना आहे, आणि वधूला घेऊन घरी निघालेल्यांनी चव्हाट्यावर तिचा जप करावा असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. गृहस्थाश्रमाच्या पहिल्याच प्रवासात परिपंथ्याचे भय असे जागे ठेवले आहे!

गीतेने त्याला अरण्यातून अंतःकरणात आणले. तेथेही श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात दृष्टांत दिला तो वाटेवरच्या चोरांचाच. याचे मर्म असे : दरड कोसळली म्हणजे रस्ताच बंद होतो, वाटमाऱ्यामुळे रस्ता बंद होत नाही. तो मोकळाच असतो, अडतो तो प्रवासी. म्हणून ‘हा प्रपंचच माझ्या वाटेतली धोंड आहे’ असे म्हणून घर सोडू पाहणाऱ्यास या श्लोकाचा आधार मिळत नाही. भगवंत इंद्रियांना परिपंथी म्हणत नाहीत, विषयांनाही म्हणत नाहीत. रागद्वेषांच्या अधीन होऊ नये, एवढेच सांगून ते पुढच्याच श्लोकात स्वधर्माकडे वळतात.

शके १२१२ मध्ये श्रीज्ञानेश्वरमहाराजांनी याच स्थळी चोर दाखविला, तो निराळ्या रूपात. सभ्य दिसणाऱ्या चोराची सोबत गावाची वेस ओलांडेपर्यंतच सुखाची वाटते, असे ते म्हणतात. झुडपाआड दबा धरलेला चोर एक वेळ ओळखता येईल. बरोबरीने गोड बोलत चालणारा कसा ओळखावा?

एखादा गृहस्थ अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध पित्याची सेवा करतो. आरंभ शुद्ध कर्तव्यबुद्धीने होतो. येणारेजाणारे वाखाणू लागतात, आणि ती वाखाणणी हवीशी वाटते. पुढे दूर राहणाऱ्या भावाचा विचार येतो : त्याने काय केले? औषधपाणी वेळेवर होते, कूस पालटली जाते, कोठे उणे नाही. पण पित्याच्या उशाशी बसून तो गृहस्थ मनात भावाचा हिशेब मांडत असतो. मार्ग कोणी अडविला नाही. भाऊ तर तेथे नाहीही. वेस केव्हा मागे पडली, हे मात्र त्याला कळलेले नसते.