हाकेला ओ

पनवेलजवळ, गाढी नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या गावच्या घराला ओटी होती, माजघर होतं, चुलीची खोली होती, वर माळा होता. पण त्यातली एकही खोली एका माणसाची नव्हती. ओटीवर पुरुष, माजघरात बाया, एवढीच काय ती वाटणी. ‘मला लिहायला, चितरायला जागा पाहिजे’ असं कुणी बोललं असतं, तर सगळे हसले असते. एवढ्या मोठ्या घरात बसायला जागा नाय?

1970 साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, गावं शहराला चिकटली, आणि आम्ही पनवेलात एका बेडरूमच्या घरात आलो. आता तो प्रश्न आम्ही नवरा-बायकोच एकमेकांना विचारतो. मी थोडंफार लिहितो. आमची ही शाळेत शिकवते आणि चित्रं काढते. घरात टेबल एक. एकाला जागा मिळावी म्हणून दुसऱ्याने किती आवरून घ्यायचं?

वरवर हा हिशोब चौरस फुटांचा दिसतो. मला तो तसा वाटत नाही, त्याला कारण आमची आई. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत ती पहाटे अंधारात जात्यावर बसायची. जातं माजघराच्या कोपऱ्यात, आजूबाजूला आम्ही पोरं झोपलेली. म्हणजे जागा म्हणावी तर हातभर. पण तेवढ्या वेळात तिला कुणी हाक मारत नसे, आणि त्या वेळात ती ओव्या जोडायची. दिवस उजाडला की ‘पाणी दे’, ‘पोराला बघ’, ‘कोण आलंय बघ’ सुरू. मग ओवी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबत्यांच्या मदतीने खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. इतक्या बायांना कविता करायला खोली कुणी दिली नव्हती. घर झोपेत होतं, एवढंच त्यांना मिळालं होतं. गिरणी आली, बायांच्या मनगटांची सुटका झाली, हे चांगलंच झालं. पण ती पहाटही त्यांच्या हातची गेली.

पेणजवळ हमरापूरला माझी मावशी दिलेली. तिकडे घरोघरी गणपतीचे कारखाने. श्रावणात पडवीपासून माळ्यापर्यंत मूर्तीच मूर्ती, माणसांनी अंग चोरून चालायचं. काका डोळ्यांच्या आखणीला बसले, की मावशी दारात उभी. गिऱ्हाईक आलं, वाणी आला, पोर रडत आलं, तरी तीच ओ द्यायची. ‘आखनीला बसलेत, मंग या.’ त्या गर्दीत काकांचा हात हलत नसे, याचं कारण कारखान्याला दार होतं हे नव्हे. दारात मावशी होती. मावशीही रंगकामात चांगली होती. पण ती ब्रश घेऊन बसली असताना दारात कोण उभं राहायचं, हे मला आठवत नाही. तेव्हाही हाकेला तीच उठायची.

व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने 1929 सालच्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये सांगितलं, की बाईला लिहायचं तर वर्षाला पाचशे पौंड हवेत आणि कडी लावता येईल अशी स्वतःची खोली हवी. खरं आहे. पण कडी माणसाला अडवते, हाकेला अडवत नाही. दूध उतू जायला लागलं तर कडीच्या आतल्या माणसालाच उठावं लागतं, किंवा बाहेर कुणीतरी असावं लागतं. म्हणून मला वाटतं, दोघांच्या घरात वाटून घ्यायची असते ती हाक. खोली त्यानंतर.

यावर एकजण म्हणेल, नवरा-बायकोत हिशोब कसला? हा प्रश्न मी बऱ्याच ठिकाणी ऐकलाय, आणि विचारणारा बहुतेक वेळा ज्याच्याकडे देणं निघतं तोच असतो. दुसरा म्हणेल, ज्याची कला मोठी त्याला जागा जास्त. हे ऐकायला रास्त वाटतं. पण मोठी कुणाची, हे आधी कळणार कसं? रेव्हरंड टिळक मोठे कवी. घरी माणसांचा राबता, कुणी आश्रयाला आलेलं, कुणी जेवायला. आणि ते सगळं निभावणार लक्ष्मीबाई. टिळक 1919 साली वारले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला 1934 साली, त्या पासष्टी ओलांडल्यावर. टिळकांच्या अपुऱ्या ‘ख्रिस्तायना’चे बहुतेक अध्यायही त्यांनीच लिहिले. आज टिळकांच्या कवितेपेक्षा ‘स्मृतिचित्रे’ वाचणारे जास्त भेटतात. टिळकांच्या घरात कुणी कलेच्या मोठेपणावर जागा वाटली असती, तर लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आलं असतं? ज्याला कधी बसूच दिलं नाही, त्याचं काम लहान आहे असं म्हणायचा हक्क कुणाला नाही.

आम्ही सध्या पाळी लावलीय, गावात पाण्याला असायची तशी. पहाटे पाच ते सात टेबल माझं, संध्याकाळी सहा ते आठ हिचं. तिच्या दोन तासांत बेल, कुकर, फोन, दूधवाला, सगळं माझ्याकडे. सोपं नाही. ‘मीठ कुठंय?’ हे विचारायला तोंड उघडतं आणि मिटावं लागतं. तिलाही आत बसून कुकरच्या शिट्ट्या न मोजण्याची सवय करावी लागतेय. इतक्या वर्षांचा कान लगेच मिटत नाही. कधी पाळी मोडते, पाहुणे येतात, कुणी आजारी पडतं. मोडलेली पाळी दुसऱ्या दिवशी भरून द्यायची, हा नियम.

घर लहान असण्याचं दुःख मला नाही. आईला हातभर जागेत ओवी सुचत होती. मला विचार पडतो तो एवढाच, की तिला त्यासाठी सगळ्या घराच्या झोपेची वाट का बघावी लागावी? घरातलं कुणीतरी जागं राहून, तिच्या वाटणीच्या हाकेला ओ देऊ शकलं असतं.