मौनाचा खर्च

झिरकपुरात लग्नसराई सुरू झाली, की हमरस्त्यावरील मॅरेज पॅलेसांतून रात्री असा गदारोळ उठतो, की शेजारच्या खोलीतले बोलणेही ऐकू येत नाही. अशाच एका रात्री आमच्या धाकट्या चुलतभावाचा नारायणगावाहून फोन आला. "दादा, तुम्ही सरकारात आहात म्हणून विचारतो. आभाळातला वायू ऐकण्यासाठी आम्ही कारखान्यावाचून राहायचे, हा कुठला न्याय?"

प्रकरण खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्या ज्या लहरी टिपतात, त्यांतील एक हायड्रोजनची. तिचे भाकीत व्हॅन डी हुल्स्ट या डच तरुणाने १९४४ साली केले. ती प्रथम ऐकू आली १९५१ साली, हार्वर्डमध्ये. एकटा पडलेला अणू सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळाने एकदाच ही २१ सेंटिमीटरची लहर सोडतो! (आमच्या कचेरीतील काही फायलींचे स्मरण येथे कोणास झाले, तर तो आमचा दोष नव्हे.) परंतु अणूच इतके अगणित, की कुजबूज अखंड चालते. आकाशगंगेचे केंद्र सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर, धुळीआड दडलेले. दृश्य प्रकाश तेथून पोहोचत नाही, ही लहर मात्र पोहोचते. केंद्राजवळील वायूचा एक बाहू सेकंदाला ५३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे, हे हॉलंडच्या ज्योतिर्विदांना १९५७ च्या सुमारास असेच कळले.

इतकी क्षीण लहर ऐकावयाची तर भोवती शांतता हवी. म्हणून त्या टापूत उद्योगांवर निर्बंध आले. पुणे–नाशिक लोहमार्गाची नारायणगावावरील आखणीही दुर्बिणीस बाधा येईल म्हणून सोडल्याचे रेल्वे खात्याने २०२५ साली सांगितले.

ज्ञान सर्वांचे असते, असे छापील उत्तर आम्ही प्रथम दिले. देताना ते आम्हांसच उणे वाटले. जमा साऱ्या जगाच्या खाती आणि खर्च एका तालुक्याच्या, ही नोंद कोणता लेखापाल मान्य करील?

तरीही, निर्बंध उठवावेत असे आम्हांस म्हणवत नाही. आम्ही राहतो तेथेच त्याचे कारण आहे. चंदीगडभोवती बेबंद बांधकाम होऊ नये म्हणून पंजाबने १९५२ साली कायदा केला. पुढे तो पट्टा दहा मैलांचा झाला. झिरकपूर त्याच पट्ट्यातले. आज आमच्या गॅलरीतून इमारतींमागे इमारतीच दिसतात. ज्याने नियम पाळून शेत राखले तो फसला, मोडला त्याचे मजले चढले. आकाशाची शांतता अशी एकदा गेली, तर ती कोणत्या अर्थसंकल्पातून परत विकत घेणार?

आमचा आक्षेप मौनाला नाही; ते गृहीत धरण्याला आहे. मागावयाचे तर ज्यांच्याकडून मागावयाचे त्यांना आधी विचारावे, आणि त्यांच्या मुलांच्या पोटाची सोय खगोलाच्याच खर्चात धरावी. अनुदान म्हणून नव्हे, देणे म्हणून.

हे सारे आम्ही चुलतभावास सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग दादा, एवढे लिहून द्या. ग्रामसभेत वाचून दाखवतो."

सेवानियमांत हे बसते की नाही ते पाहून कळवतो, असे आम्ही म्हणालो. त्यास आता दोन महिने झाले. नियमांचे पुस्तक मेजाच्या खणातच आहे.