आईचे दुःख आणि लेकराचा हट्ट



आपण धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, देव्हारा रिकामा केला. पण घरची सून बाळंतपणानंतर गप्प गप्प राहू लागली, लेकराकडे पाहीनाशी झाली, की आपली पावले कोठे वळतात? देवऋषाकडे! नाहीतर सासूबाई म्हणतात, आळशी आहे.

मी शिक्षक आहे, परंतु माझेही वेगळे झाले नाही. चौथीतला एक मुलगा इतरांना मारी, वह्या फाडी. मी त्याच्या आईला बोलावून चारचौघांत सुनावले, "पोराकडे लक्ष देत जा, बाई." ती मान खाली घालून उभी राहिली. त्यानंतर पोरगा अधिकच बिघडला. पुढे कळले की वर्षभर त्या माउलीला धड झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हते, कशातच जीव रमत नव्हता. तिच्या ओझ्यावर मी आणखी एक धोंडा ठेवला होता.

कारणावाचून काही घडत नाही, हा तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद. तो आपल्या घरात लावून पाहा. तान्हे मूल आईकडे पाहून हसते, हात हलवते. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही की रडते, तोंड फिरवते. अमेरिकेतील ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे प्रयोगाने दाखविले, आणि तेथे तर आया केवळ दोन-तीन मिनिटेच निर्विकार बसल्या होत्या! थोडे मोठे मूल हट्ट करते, मारते, कारण निदान रागावण्यासाठी तरी आई आपल्याकडे वळते. आईला वाटते, मी आई म्हणून नालायक. ती अधिक खचते, मूल अधिक बिथरते. यात पूर्वजन्मीचे पाप कोठे आले? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही पूर्वकर्माची कल्पना नाकारली आहे.

हे चक्र तुटते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या वाइसमन बाईंच्या अभ्यासात, ज्या आयांचे नैराश्य तीन महिन्यांच्या औषधोपचाराने गेले, त्यांच्या मुलांचेही त्रास कमी झालेले आढळले. उपचार आईवर, गुण लेकराला!

पटाचारेची कथा आठवा. पती, दोन मुले, आईबाप, भाऊ गमावून ती भान हरपून फिरत होती. लोक वेडी म्हणून ढेकळे मारीत. भगवंतांनी तिला हाकलले नाही, भगिनी म्हणून जवळ बोलाविले. कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिला दिले.

म्हणून, दोन आठवड्यांहून अधिक काळ अशी उदासी राहिली तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, तोही मराठीत. मरणाची भाषा केली तर एकटी सोडू नका, त्याच दिवशी न्या. नवऱ्याने बरोबर जावे. हे काम सासू-नणंदेवर ढकलू नये.

आणि येत्या पौर्णिमेच्या वंदनेला जी बहीण विहारात दिसली नाही, तिच्या घरी जा. उपदेश करू नका. तिचे मूल तासभर खेळायला घेऊन या, तेवढी तिला झोप मिळू द्या.