सबबीवाचूनची सफर

आपल्या घरांत कोणी बाहेर निघाले की पहिला प्रश्न येतो, 'कशासाठी?' 'कुठे' हा प्रश्न नंतरचा. निकाह असेल, मय्यत असेल, कोणाचे ऑपरेशन असेल, मुलीसाठी स्थळ पाहायचे असेल, उरूस किंवा इज्तेमा असेल, तर विचारणाऱ्याचे समाधान होते. हज-उमऱ्याला निघालेल्याला तर निरोप द्यायला अख्खा मोहल्ला येतो. यांपैकी काहीच नसेल आणि माणूस बायकामुलांना घेऊन नुसताच निघाला असेल, तर त्याला 'सैर-सपाटा' म्हणतात, आणि हा शब्द आपल्याकडे कोणी कौतुकाने उच्चारत नाही. 'पैसे जास्त झालेत काय?' ही त्याची शेपटी ठरलेली.

उर्दू शिकवताना आम्हाला या शब्दाची नेहमी गंमत वाटते. 'सैर' हा मूळ अरबी शब्द. कुरआनात माणसाला जमिनीवर फिरून पाहण्याची जी आज्ञा पुन्हा पुन्हा आली आहे, तिथले 'सीरू' हे क्रियापद याच धातूचे. सूरह अन्कबूतमध्ये निर्मितीचा आरंभ कसा झाला ते फिरून पाहावे असे सांगितले आहे. इतर ठिकाणी आधीच्या कौमांचा शेवट कसा झाला ते. म्हणजे जो शब्द तिथे हुकुमाच्या रूपात येतो, तोच आपल्या ओसरीवर येईपर्यंत टोमणा होतो. मधल्या वाटेत काय घडले, याचा विचार करावासा वाटतो.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू मात्र हलकी नाही. सूरह बनी इसराईलमध्ये उधळ्यांना सैतानाचे भाईबंद ठरवले आहे. आपल्या वस्तीत शाळेची फी न भरल्यामुळे मुलगी घरी बसते, आणि शेजारचे कुटुंब गाडीभर माणसे घेऊन डोंगरावर भजी खायला जाते. हे डोळ्यांना खुपणारच. शेजाऱ्याच्या हक्काची शिकवण आपण मुलांना लहानपणापासून देतो. ती फक्त सालनाच्या वाटीपुरती नसते. आनंदाचा वासही भिंतीपलीकडे जातो.

पण वाझमध्ये एक आयत नेहमी ऐकू येते आणि तिच्या पाठची क्वचितच. सूरह आराफमधल्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्यात अतिरेक करू नका असे बजावले आहे. लगेच ३२ व्या आयतीत उलटा सवाल आहे: अल्लाहने बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा आणि चांगल्या वस्तू हराम करणारे कोण? या दोन आयती शेजारी शेजारी आहेत, त्या एकत्रच वाचायला हव्यात. शिवाय इसराफ मोजायचा तर आपण तो कुठे मोजतो? लग्नात दोन हजार माणसांच्या बिर्याणीसाठी काढलेले कर्ज इज्जतीत जमा होते आणि आठ माणसांचे डिझेल उधळपट्टीत. आम्हाला हा हिशेब कधी कळलेला नाही.

जुन्या विद्वानांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले नव्हते. इमाम गझालींच्या 'इह्या'मध्ये प्रवासाच्या शिष्टाचारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रवासाचे प्रकार त्यांनी हेतूनुसार पाडले: इल्मसाठी, इबादतीसाठी, दीनाला धोका असेल तिथून निघून जाण्यासाठी, जिवाला धोका असेल तिथून निघून जाण्यासाठी. मुलाबाळांना घेऊन एका दिवसात जाऊन येणारी आपली गाडी यात नेमकी कुठे बसवावी, हे सांगणे कठीण आहे. आणि याच गझालींनी १०९५ साली बगदादची मोठ्या मानाची नोकरी सोडली तेव्हा मक्केला निघाल्याचे जाहीर केले होते. मनात शामला जायचे होते. हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या माणसालाही निघताना लोकांपुढे एक सबब ठेवावी लागली!

इब्ने बतूताकडे सबब होती. १३२५ साली एकविसाव्या वर्षी तो टँजिअरहून हजला निघाला. हज पुढच्याच वर्षी झाला, पण तो घरी परतला नाही. पाव शतकाहून अधिक काळ फिरत राहिला, दिल्लीत काझी झाला, आणि आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. हज झाल्यानंतरच्या त्या सगळ्या वर्षांचा हेतू कोणता? नोकरी होती, मानधन होते, हे खरे. पण त्याचा 'रिहला' वाचताना सारखे वाटते की या माणसाला बघायचे होते, बस्स.

दुसऱ्या बाजूला हदीसही आहे, की सफर हा यातनेचाच एक तुकडा आहे, काम झाले की माणसाने लवकर घरी परतावे. ज्याने एसटीच्या मागच्या बाकावर बसून मराठवाडा पाहिला आहे, त्याला याचा पुरावा लागणार नाही. पण हेही हदीसच्या किताबांत आहे की एका सफरीत हुजूरांनी हजरत आयेशांबरोबर पळण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे पुन्हा शर्यत झाली तेव्हा हुजूर जिंकले. सफरीतल्या त्या शर्यतीला कोणती सबब होती?

२०२५ साली ईद ३१ मार्चला आली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, सकाळी शीरखुर्म्याचे उरलेले पातेले मध्ये ठेवून आम्ही सगळे बसलो होतो, तेव्हा भाईजान म्हणाले, "चलो, कहीं तो भी जाके आएंगे." फित्रा ईदच्या नमाजआधी दिला होता, पाहुणे येऊन गेले होते, ऊन अजून मेसारखे चढले नव्हते. आमचे गाव जालन्याजवळ. 'पाणचक्कीपर्यंत जाऊ' एवढेच ठरले. गाडीत दोन जागा उरत होत्या. अम्मीने शेजारच्या घरातली दोन मुले बोलावून घेतली. त्यांचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. भिंतीपलीकडच्या वासाचा प्रश्न अम्मीने असा दोन मिनिटांत सोडवला. अर्थात सुटला तो दोन मुलांपुरताच, हेही खरे.

औरंगाबादची (२०२३ पासून सरकारी कागदांत छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की आम्ही अनेकदा पाहिलेली. पण तिथे ज्यांची दर्गाह आहे त्यांचे नावच बाबा शाह मुसाफिर, हे त्या दिवशी नव्याने लक्षात आले. काही मैलांवरच्या झऱ्याचे पाणी खापराच्या नळांतून तिथे आणले होते, आणि त्या पाण्यावर फिरणाऱ्या जात्यावर फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण दळले जात होते. पीठ देताना त्या वाटसरूला कोणी 'कशासाठी निघालास?' असे विचारत असेल, असे वाटत नाही. जकातीच्या आठ हक्कदारांतही वाटेवरचा मुसाफिर आहे.

तिथे जोहरची नमाज झाली आणि कोणीतरी म्हणाले, आता आलोच आहोत तर दौलताबाद. किल्ल्यात मुलांना आम्ही सांगितले की इथल्या तळघरातले उंदीर मांजराहून मोठे होते असे इब्ने बतूताने लिहिले आहे. मग चाँद मिनारपेक्षा मुले उंदीरच शोधत राहिली. मोठ्यांना आठवले ते दुसरेच. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी इथे आणली आणि दिल्लीच्या लोकांना या वाटेला लावले. त्या सफरीला सबब भक्कम होती, सुलतानाचा हुकूमच होता. नव्हती ती निघणाऱ्याची मर्जी.

दौलताबादहून वेरूळ जवळ, पण तो मंगळवार होता आणि मंगळवारी लेणी बंद असतात. तेव्हा म्हैसमाळ. इथे अब्बांनी गाडीत एक मसला काढला, आणि तो आम्हाला अजून सुटलेला वाटत नाही. हनफी मतानुसार साधारण ४८ मैल, म्हणजे ७७ किलोमीटरच्या सफरीत चार रकात फर्ज नमाजच्या दोन होतात. सफर पुण्यासाठी आहे की मौजेसाठी, हे हनफी फिकह विचारतच नाही. वाईट कामासाठी निघालेल्यालाही ही सवलत तो नाकारत नाही. कोकणातले आपले शाफई बांधव मात्र गुनाहाच्या सफरीला ती देत नाहीत. पण हनफींची एक अट आहे. निघतानाच तेवढ्या अंतराची नीयत हवी. 'इथपर्यंत जाऊ', मग 'आणखी थोडे पुढे', असे करत माणूस दुनिया फिरून आला तरी जाताना तो मुसाफिर ठरत नाही.

अब्बा म्हणाले, आपण पाणचक्कीची नीयत करून निघालो, ते झाले साठ-पासष्ट किलोमीटर. तिथून दौलताबाद, तिथून म्हैसमाळ. प्रत्येक टप्पा छोटा. तेव्हा असर पूर्ण चार रकात. पण परत फिरताना घराची नीयत होईल, आणि घर शंभर किलोमीटरवर आहे. तेव्हा वाटेतल्या इशाच्या दोन. भाईजान हसून म्हणाले, "मतलब जाते वक्त हम मुसाफिर नै थे, आते वक्त हो गए!" आम्हाला हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही. जो उगाच निघाला आहे त्याला शरियत प्रवासी मानत नाही, पण घराकडे तोंड केले की मानते. सवलत ही कष्टाची असते. उगाच भटकणाऱ्याने तक्रारीही करू नयेत, असा याचा एक अर्थ निघू शकेल. किंवा असाही, की तो कुठेच परका झालेला नसतो, जिथे असतो तिथे घरच्यासारखी पूर्ण नमाज पढतो. आलिमांनी हा दुसरा अर्थ सांगितलेला आमच्या वाचनात नाही. आम्हाला तो आवडला, एवढेच.

मात्र 'कहीं तो भी' म्हणणे पुरुषाला एका वाक्याचे काम असते. ते वाक्य आणि गाडीची किल्ली यांच्यामध्ये दीड तास गेला, तो सगळा बायकांचा. पराठे, पाण्याच्या बाटल्या, लहानग्याचे दूध, जानमाजी, उलटीसाठी पिशव्या. आणि वाटेत तिघींना जिथे बिनघोर जाता येईल असे स्वच्छतागृह शोधणे, वजू आणि नमाजसाठी आडोसा शोधणे. कारण रस्त्याकाठच्या अनेक मशिदींत स्त्रियांसाठी कोपराही नसतो. पुरुष मशिदीत शिरले, भाभी गाडीतच बसल्या बसल्या पढल्या. अचानक निघण्याचा आनंद सर्वांचा आणि तयारी एकीची, हेही नीयतेच्या खात्यात मांडावे लागेल. एसटीने मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट केले, त्यानंतर आमच्या गल्लीतल्या दोन खाला जुम्याच्या दुसऱ्या दिवशी उगाच औरंगाबादला जाऊन येऊ लागल्या. 'डॉक्टर को दिखाने' असे सांगतात. कोणत्या डॉक्टरला, ते त्यांनाही ठरवता आलेले नाही.

म्हैसमाळची वाट खुलताबादवरून जाते. त्याच मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यात वाद पेटला होता आणि १७ तारखेला नागपुरात दंगल झाली होती. त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. भाईजान म्हणाले, गाव न थांबता पार करू. मुले आहेत, दाढी-टोपी आहे, बुरखे आहेत, उगाच कशाला. पूर्वी त्या गावातून जाताना 'उगाच' हा शब्द आमच्या मनात आला नव्हता. अम्मी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "इत्ते पास आके जर जरी बख्श को सलाम नै करते क्या?" त्यांना बादशहाच्या कबरीशी काही देणेघेणे नव्हते. त्यांच्या माहेरच्यांचे नवस तिथल्या दर्गाहचे. गाडीत पाच मिनिटे कोणी बोलले नाही.

इथे आम्हाला या सगळ्या प्रश्नाचे मूळ दिसू लागले. सबबीवाचून निघता येण्यासाठी फक्त पैसा लागत नाही. कोणी थांबवून 'इथे कशाला आलात?' असे विचारले, तर 'असेच' हे उत्तर पुरेल, अशी खात्री लागते. ज्याला ही खात्री आहे, त्याला ती आपल्याजवळ आहे हेही ठाऊक नसते. ज्याची ती डळमळते, तो निघण्यापूर्वी कारणे गोळा करू लागतो: आधारकार्ड, लग्नपत्रिका, डॉक्टरची चिठ्ठी. आपल्या ओसरीवरचा 'कशासाठी?' हा प्रश्न केवळ कंजुषीचा किंवा कर्मठपणाचा नसावा. बाहेर कोणी विचारण्याआधी घरातल्यांनीच विचारून घेतलेला तो प्रश्न असावा. वडीलधाऱ्यांच्या त्या आवाजात जी धार असते, तिच्या खाली बहुधा काळजी असते. पण काळजी पिढ्यान् पिढ्या चालली की तिचाच मसला होतो, आणि मग मुले समजतात की नुसते फिरणे हेच गैर.

आम्ही थांबलो. दहा मिनिटे. अम्मींनी फातेहा पढली, मुलांनी रेवड्या घेतल्या, फुलवाल्याने ईदच्या मुबारका दिल्या. कोणी काही विचारले नाही. भाईजान पूर्ण वेळ गाडीपाशी उभे होते, आणि ते चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

उर्दूच्या पर्चात 'एक यादगार सफर' हा मजमून वर्षाआड येतो. निम्मी मुले ताजमहालावर लिहितात, तोही गाईडमधून पाठ केलेला. त्यांतल्या कोणीही आग्रा पाहिलेले नसते. संगमरवर, चांदणी रात, जमुना, सगळे बिनचूक आणि पूर्ण गुण. या खेपेला सातवीतल्या एका मुलीने अब्बांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सिव्हिल हॉस्पिटलला गेल्याचे लिहिले. चार ओळी हॉस्पिटलच्या. उरलेले दीड पान, सुटी मिळाल्यावर अब्बांच्या एका डोळ्याला पट्टी असताना ते दोघे स्टेशनच्या बाकावर जाऊन बसले आणि कुठलीच गाडी पकडायची नसताना तीन गाड्या पाहून घरी आले, त्याचे. इमला बराच चुकला होता. गाड्यांची नावे मात्र तिने बरोबर लिहिली होती.