शोक, आरोप आणि वार्डमनचा मासा

विल्यम फॉकनरच्या ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ (१९३०) या कादंबरीत अ‍ॅडी बंड्रेन मरते त्याच दिवशी तिच्या धाकट्या मुलाने, वार्डमनने, एक मोठा मासा पकडलेला असतो. पुढे एक संपूर्ण प्रकरण एका छोट्या वाक्याचेच आहे. त्यात तो आई आणि मासा यांचा अभेद सांगतो. वर्गात हे प्रकरण वाचले की ‘रूपक’ हे उत्तर तत्काळ येते. मीही काही वर्षे तसेच शिकवीत होतो.

परंतु रूपकातील आरोप आहार्य असतो. मुख हे चंद्र नव्हे, हे जाणूनच बोलणारा अभेद कल्पितो. वार्डमनपाशी हे जाणतेपण नाही. मग भ्रांतिमान म्हणावे, तर त्यालाही सादृश्याचा आधार लागतो, आणि अ‍ॅडीत व माशात सादृश्य असे नाहीच. आहे ते केवळ सान्निध्य. मासा कापल्यावर मासा उरला नाही. त्याच दिवशी आईही आई उरली नाही. या दोन घटनांतून मुलाने एकच घटना घडविली. आईला श्वास घेता यावा म्हणून तो पुढे शवपेटीच्या झाकणाला छिद्रे पाडतो आणि त्यांतील दोन तिच्या चेहऱ्यात उतरतात. अलंकार म्हणून बोलणाऱ्याच्या हातून असे घडत नाही. येथे प्रतिमा म्हणजे शोकाची सजावट नव्हे. मृत्यू समजून घेण्याचे त्या मुलाजवळचे ते एकमेव तर्कशास्त्र होय.

डार्लही हीच वाक्यरचना वापरतो. ज्युएलची आई घोडा आहे, असे तो म्हणतो. हा आरोप मात्र पूर्णतः आहार्य आहे : ज्युएलच्या जन्माचे रहस्य आणि त्याचे अश्वप्रेम या दोहोंवर नेमका मारलेला. तसे असेल तर आपली आई मासा असू शकेल ना, असे वार्डमन त्यालाच विचारतो. एका भावाचे शस्त्र दुसऱ्याचा आधार होते. कादंबरीतील सर्वांत प्रतिमासमृद्ध वाणी डार्लची. आईच्या मृत्यूच्या वेळी तो घरी नसतो, तरी त्या क्षणाचे वर्णन तोच करतो. म्हणून त्याचा शोक सर्वांत खोल, असे मानण्याकडे आपला कल असतो. मला ते मान्य नाही. अलंकारांच्या विपुलतेवरून दुःखाचे माप घेणे ही साहित्याच्या अभ्यासकाची व्यावसायिक खोड आहे, आणि तिच्यामुळे थोरल्या कॅशवर अन्याय होतो.

कॅश सुतार आहे. मरणासन्न आईला खिडकीतून दिसेल अशा जागी तो तिची शवपेटी बनवितो. त्याचे पहिले प्रकरण म्हणजे पेटीचे सांधे तिरके का कापले याची तेरा मुद्द्यांची यादी. तीत आईचे नाव नाही, दुःखाचा शब्द नाही. मात्र खिळ्यांचा आणि सांध्यांचा हिशेब चालू असताना मध्येच मृत देहाचा भार येतो, जुन्या थडग्यातील माती कशी खचते हे येते. मग तो पुन्हा सुतारकामाकडे वळतो. तेराव्या मुद्द्यात तो एवढेच सांगतो की, अशाने काम अधिक नीटस होते.