पढवलेला साक्षीदार

हौशी माणसावर कोणाचे बंधन नसते, आणि हीच त्याची खरी पंचाईत असते. धंदेवाईक छायाचित्रकाराला गिऱ्हाईक बजावते, संपादक बजावतो, मुदत बजावते. रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून बाहेर पडणाऱ्या माझ्यासारख्याला बजावणारे कोणी नाही. आकाश काळे करा, झाडे पिवळी करा, विजेचा खांब उडवा, नाहीतर नसलेला चंद्र आणून बसवा, विचारतो कोण? त्यामुळे फोटोंवर काम करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा प्रश्न मी जेव्हा जेव्हा हाती घेतला, तेव्हा तो किमतीपाशी आणि सोयीपाशी थांबला नाही. आपल्या हाताला कोणती सवय लागू द्यावी, असा तो प्रश्न होऊन बसला.

माझे एक स्नेही यावर फटकन उत्तर देतात, "सॉफ्टवेअर हवेच कशाला? फोटो निघाला तसा ठेवावा. हात लावला की तो खोटा झाला." उत्तर बाणेदार आहे, पण ते टिकत नाही. कॅमेऱ्यातला संवेदक प्रकाशाच्या केवळ मात्रा टिपतो. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या 'रॉ' फाइलीत त्या मात्रांच्या १६,३८४ पायऱ्या मावतात. नेहमीच्या जेपेग फाइलीत दर रंगाला उरतात २५६. म्हणजे काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे कोणीतरी ठरवावेच लागते. आपण ठरवले नाही, तर कॅमेरा घडवणाऱ्या अभियंत्याने ते आधीच ठरवून ठेवलेले असते. माझ्या स्नेह्यांच्या फोटोलाही हात लागलेलाच असतो. तो दुसऱ्याचा असतो, इतकेच.

ही गोष्ट संगणकाने आणलेली नव्हे. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल चालवून सुरकुत्या मालवणारे कारागीर होते, आणि काळ्यापांढऱ्या फोटोतल्या नवरीच्या शालूला हाताने रंग देणारेही होते. ऑस्कर रेजलँडरने तर १८५७ साली तीसएक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र सिद्ध केले, आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. अमेरिकेतला अन्सेल अ‍ॅडम्स मूळचा पियानोवादक. तो निगेटिव्हला स्वरलिपी मानी आणि कागदावरच्या छापाला वादन. १९४१ साली हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा जो फोटो त्याने टिपला, त्याचे छाप तो पुढे कितीतरी वर्षे काढीत राहिला. उत्तरकाळच्या छापांत आकाश पुष्कळच गडद झालेले दिसते. बंदिश एकच, पण गवयाचे वय वाढले. याला खोटेपणा म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

मग खोटेपणा सुरू होतो कुठे? मला कोर्टातला दाखला जवळचा वाटतो. साक्षीदाराला आंघोळ घालून, स्वच्छ सदरा चढवून पिंजऱ्यात उभे केले तर कोणाची हरकत नसते. त्याचा आवाज बारीक असेल, तर मोठ्याने बोल असेही सांगता येते. परंतु काय बोलायचे हे त्याला घरून पढवून आणले, की साक्ष फुकट गेली. अंधारातला चेहरा उजळणे म्हणजे साक्षीदाराला मोठ्याने बोलायला सांगणे; चेहराच पुसणे म्हणजे त्याला पढवणे. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या अंकाच्या उभ्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांच्या जवळ सरकवले, तेव्हा गदारोळ उठला तो याचमुळे. चित्र वाईट झाले नव्हते. साक्ष फिरली होती.

हा विचार घरात आला म्हणजे बोचतो. आमच्या नात्यात एका लग्नाचे फोटो मी हौसेने काढले होते. पुढे चार वर्षांनी त्या घरातली थोरली सून वेगळी झाली, आणि दिवाळीत भिंतीवर लावायला मावशीला तोच सगळ्या कुटुंबाचा फोटो हवा होता. "अरे, एवढी ती कडेची काढून टाक ना. तुझ्या त्या संगणकात होतं म्हणे चुटकीसरशी." मावशीच्या बोलण्यात द्वेष नव्हता, रोज सकाळी त्या जागी नजर जाऊन दुखू नये, एवढीच तिची इच्छा होती. मी म्हटले, "मावशी, पुसत नाही, पण दुसरा देतो." त्याच दिवशीचा एक फोटो सापडला, ज्यात सून खरोखरच नव्हती. तो मी मोठा करून दिला.

कोणी म्हणेल, ही पळवाट झाली. निवडणे म्हणजेही गाळणे नव्हे काय? आहेच. चौकट धरली की जगाचा मोठा भाग बाहेर राहतोच. पण दुसरा फोटो मूक राहतो, आणि पुसलेला फोटो बोलतो. 'त्या दिवशी ती इथे उभीच नव्हती,' असे तो पुढच्या पिढीला छातीवर हात ठेवून सांगतो. मौन आणि खोटी साक्ष यांत अंतर आहे, आणि कुटुंबे पुष्कळदा त्या अंतरावरच तगून असतात.

आता सॉफ्टवेअरकडे वळतो. १९९० साली बाजारात आलेला फोटोशॉप किंवा १९९६ पासून फुकट मिळणारा गिंप ही कापण्या-जोडण्याची समर्थ हत्यारे आहेत. २०२१ मध्ये गूगलच्या फोनात माणसे पुसणारा खोडरबर आला, आणि २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये शब्द टंकताच नसलेली वस्तू उभी करणारी सोय आली. विळीने बोट कापले म्हणून विळी दोषी ठरत नाही, हे खरे. तरीही जे काम एका बोटाने होते, त्याआधी मन थांबत नाही. लाइटरूम आणि डार्कटेबल यांची घडण वेगळी. ती मूळ रॉ फाइलीला धक्का लावीत नाहीत. काय बदलले याची वही बाजूला ठेवतात. मूळ साक्ष शाबूत, आणि आपण काय केले याचा हिशोबही शाबूत.

या दोघांत लाइटरूम सफाईदार, पण आता वर्गणीवर मिळणारे. वर्गणी थांबली तर फोटो दिसतात, मात्र त्यांवर पुढचे संस्कार करण्याचे दालन बंद होते. शिवाय एकाची वही दुसऱ्याला जशीच्या तशी वाचता येत नाही. ज्याचा यावर पोटापाण्याचा धंदा आहे त्याला भाडे परवडते. माझ्या फोटोंना वारस आहेत, गिऱ्हाइके नाहीत. त्यांच्या माथी भाडे मारणे मला रुचेना. म्हणून मी मुक्त आणि विनामूल्य असलेला डार्कटेबल पत्करला. त्याची दालने समजून घेता घेता एक अख्खा पावसाळा गेला, हेही सांगितले पाहिजे. मूळ फाइली मी दोन ठिकाणी जपतो, आणि आवडलेले फोटो कागदावर छापून घेतो. कारण कागद उघडायला कोणतेच सॉफ्टवेअर लागत नाही.

या दिवाळीत फराळ आटोपल्यावर घरोघरी फोटोंचे अल्बम निघतील, फोन हातोहात फिरतील. कोणाला खांब खुपेल, कोणाला माणूस. खांबाचे काय करायचे ते खुशाल करावे. माणसाच्या बाबतीत मात्र मूळ फोटो कुठे ठेवला आहे, एवढे आधी पाहून घ्यावे.