सर, काय पाहता?

शाळेतली मुले घेऊन मी एकदा बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो होतो. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवावयास आरंभ केला आणि १९७५ साली सारा संग्रह शासनाला देऊन टाकला. त्याला नाव आहे ते त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचे. अडकित्त्यांच्या कपाटापुढे आमचा एक विद्यार्थी रेंगाळला व म्हणाला, "सर, नुसती सुपारी कातरायला एवढे वेगळे हत्यार?" प्रश्न त्याच्या वयाला शोभणारा होता. त्याच्या घरी घड्याळ, गजर, कॅमेरा, विजेरी, रेडिओ, फार काय पंचांगदेखील एका मोबाइलमध्ये नांदते.

जुन्या वस्तू गेल्या म्हणून गळा काढणारा मी नव्हे. आमचा रेडिओ चालू राहावा म्हणून वडील त्याला चापट्या मारीत, हे मी विसरलेलो नाही. २०१६ साली सरकारने एचएमटीची घड्याळ-कंपनी बंद करण्याचे ठरविले, तेव्हाही मी हळहळलो नाही. (तिला मोबाइलच्या कितीतरी आधी क्वार्ट्झ घड्याळांनी घेरले होते, हेही खरे.) वडिलांचे 'जनता' कपाटात पडून होते आणि माझी वेळ मोबाइलवर दिसत होती.

यंदा श्रावणात वर्गातला एक अबोल मुलगा उभा राहून निबंध वाचीत होता. विषय, माझे आजोबा. आजोबा ज्येष्ठातच वारले होते. तास संपत आला होता; त्याचे वाचून होईल ना, हे पाहावे म्हणून मी खिशातून मोबाइल काढला. तो थांबला.

"वाच ना."

"झाले, सर," म्हणून तो बसला. वहीत अजून दीड पान होते, ते मी नंतर पाहिले.

मी वेळ पाहत होतो, हे त्याला कसे कळावे? अडकित्ता हाती घेतलेला माणूस सुपारी कातरतो आहे, हे ओसरीवरच्या पोरालाही कळत असे. वडील चष्मा लावून पोथी उघडीत, तेव्हा आम्ही आपोआप गप्प होत असू. आज मी तीच पोथी मोबाइलवर वाचू लागलो, तर घरच्यांनी शांत राहावे की चिडावे? पोथी, शेअरबाजार आणि क्रिकेट, तिन्हींसाठी मान तशीच वाकते. हातातली वस्तू आपल्या मनाची खबर समोरच्याला न बोलता देत असे. ते काम मात्र या एका यंत्राने उचललेले नाही.

कोणी बोलत असता घड्याळ पाहणे हाही अपमानच, असे वाचक म्हणतील. मान्य. पण मग त्या मुलाला निदान रागावता आले असते, किंवा भराभर वाचून संपविता आले असते. आपल्या आजोबांपेक्षा सरांना काय महत्त्वाचे वाटले, याचा तर्क करीत त्याला बसावे लागले नसते.

वडिलांचे 'जनता' मी दुरुस्त करून घेतले आहे. रोज सकाळी किल्ली द्यावी लागते. तरी ते चार मिनिटे मागे पडते व शाळेच्या घंटेशी त्याचे जमत नाही. त्या मुलाला मी दोनदा वाचावयास सांगितले. "आज नको, सर," म्हणतो.